तो झोपलाय असं समजू नकोस

सेलू, जि. वर्धा

चि. ओंकार यास मामाचे अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या ताईच्या मुलीने तुझा फोटो दाखवला, तेव्हापासून मामाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. हातात लाल ग्लास, मागे त्या फ्रॅटर्निटीचं, कॉलेजातल्या पोरांच्या मंडळाचं घर. आता तिथे सभासद व्हायचं तुझ्या मनात आहे, असंही कानावर आलं. ग्लासात कोक होता म्हणशील. असेलही. काळजी ग्लासाची नाहीच.

तू शिकतोस त्याच पेनसिल्व्हेनियातली गोष्ट. २ फेब्रुवारी २०१७. पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकणारा टिमोथी पियाझा, वय १९, बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत नवा दाखल झाला. स्वागत म्हणून त्याला दारूचे पेले एकामागून एक पाजले. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. पोरांनी उचलून सोफ्यावर टाकला. उताणा होऊन उलटी घशात अडकू नये म्हणून त्याच्या पाठीला दप्तर बांधलं. म्हणजे धोका त्यांना कळत होता! तरी मदतीचा फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळजवळ बारा तासांनी. ४ फेब्रुवारीला तो गेला. त्या रात्रीचं सारं घरातल्या कॅमेऱ्यांनी टिपलं, आणि त्या घरात दारूला बंदी होती.

बंदी म्हणजे काय, हे सेलूच्या माणसाला सांगायला नको. गांधी-विनोबांचा हा जिल्हा, दारूबंदी कित्येक वर्षांची, आणि पोलीस अजून मोहाचा सडवा नाल्यात ओततातच आहेत. चोरून प्यायचं म्हटलं की घाईने पितात. आणि कोणाला काही झालं तर पकडले जाऊ या भीतीने दार लावून बसतात. तिकडे वयाची अट २१ची, तू १९चा. ही भीती तुझ्याही खोलीत असणार.

थोरल्या मामाचं घरात कोणी बोलत नाही, पण तुला माहीत आहे. बोर धरणावरच्या त्या पार्टीत सोबतच्यांनी त्याला झाडाखाली निजवलं. ‘राहू दे, सकाळी उतरते.’ वर्धेला निरोप आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. हा मामाही त्या पार्टीला जाणार होता, परीक्षेसाठी थांबला. सोबत असतो तर उठवलं असतं का, हे त्याने आजवर कोणाला विचारलेलं नाही.

म्हणून एवढंच ऐक. शेवटचा घोट पोटात गेल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच असते. लिंबू, कॉफी, थंड पाणी, कशानेही ती उतरत नाही. हलवून जागा होत नाही, श्वास संथ किंवा तुटक, अंग गार, ओठ निळसर, तर तो झोपलेला नाही. कुशीवर वळव, तिकडचा तातडीचा नंबर ९११ लाव आणि त्याच्याजवळून हलू नकोस. तुझ्याच राज्यात कायदा आहे: मदत बोलावली, आपलं नाव सांगितलं आणि माणूस येईपर्यंत सोबत थांबलास, तर वय कमी म्हणून दारूचा खटला तुझ्यावर होत नाही. पियाझाच्या नावाने २०१८ साली तिथे रॅगिंगविरोधी कडक कायदाही झाला. त्याच्या आईवडिलांनी त्यासाठी जिवाचं रान केलं.

त्या घरात जाऊ नकोस, असं मामाने लिहिलं असतं, पण एकोणीस वर्षांच्या पोराला मित्र लागतात, हे त्यालाही कळतं. परक्या मुलखात एकटं पडायला होतं. फोटोत तू वाळलेला दिसतोस. आजीने तिळाचे लाडू केले आहेत, त्यांच्यासोबत सांडगी मिरचीही घालतोय, पार्सल सोमवारी निघेल.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुला कोणी जास्त पाजली, किंवा समोरचं पोर उठेना झालं, तर आधी ९११, मग मामा. आपल्याकडे रात्रीचे कितीही वाजले असोत, फोन लाव. कोणी रागावणार नाही.

तुझा,
मामा