बधिर हातापायांना तेल

कुष्ठरोग झालेल्या आपल्या तरुण मुलामुलींना सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. रोग त्यानेच बरा होतो, तेलाने नव्हे. मग मालिश कशाला?

नस बिघडली की तेथे घाम येत नाही. कातडी कोरडी पडून भेगाळते. दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही, आणि रानातली माती जाऊन जखम चिघळते. बोटे जातात ती अशा जखमांनी. वेल्लोरला १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले; तरी बोटे आपोआप झडतात असेच पुष्कळांना वाटते.

संध्याकाळी हातपाय वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवावेत. ऊन पाणी नको, चटका कळत नाही. घट्टे खरखरीत दगडाने हलके घासावेत. पाणी निथळताच ओल्या कातडीवर खोबरेल किंवा शेंगतेल चोळावे, म्हणजे ओल टिकते. आखडणारी बोटे हात मांडीवर ठेवून तळव्याकडून टोकाकडे हळूहळू सरळ करावीत. आईने चोळले तरी भय नाही. औषध सुरू झाल्यावर लागण होत नाही.

मात्र कोपराजवळची नस दुखू लागली, किंवा बोटांतला जोर एकाएकी गेला, तर चोळत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावा. बोरगावकरांना मिरजेचे रिचर्डसन कुष्ठरोग इस्पितळ फार लांब नाही. खुरप्याच्या मुठीला जाड कापड गुंडाळावे, आणि रोज उजेडात तळपाय पाहावेत.