मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास आणि प्रबंधिकेची वाट

मानसशास्त्र विषय घेऊन पदवी संपादन केलेला विद्यार्थी एम.ए.च्या वर्गात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या मनात या शास्त्राचे जे चित्र असते ते बहुधा समुपदेशकाच्या खोलीचे असते. समोर बसलेल्या दुःखी माणसाचे ऐकून घ्यावे, त्याला धीर द्यावा, त्याच्या मनाची गाठ सोडवावी, अशी त्याची कल्पना असते. ही कल्पना चुकीची नव्हे. मात्र ती अपुरी आहे. पहिल्याच सत्रात त्याच्यापुढे येतात त्या संख्याशास्त्राची सूत्रे, कसोट्यांची विश्वसनीयता आणि यथार्थता, नमुना निवडण्याच्या पद्धती. आणि पुढे उभी राहते ती प्रबंधिका. पुष्कळ विद्यार्थी येथेच बिचकतात. धीर देणारा माणूस व्हावयाचे असताना गणिताशी झगडावे का लागते, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर या शास्त्राच्या जन्मकथेतच आहे. १८७९ साली जर्मनीतील लिपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा स्थापन केली, आणि मनासंबंधीचे चिंतन तत्त्वज्ञानाच्या उंबरठ्यावरून मोजमापाच्या अंगणात आले. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. वा. कृ. कोठूरकर यांनी प्रायोगिक मानसशास्त्राच्या विभागाची उभारणी केली, तर मुंबई विद्यापीठात १९५९ साली उपयोजित मानसशास्त्राचा विभाग अस्तित्वात आला. एकाचा भर प्रयोगावर, दुसऱ्याचा उपयोगावर. तरीही दोन्हीकडे पाया एकच मानला गेला : मनाविषयी जे विधान करावयाचे ते पडताळून पाहता आले पाहिजे.

बदललेली रचना

पूर्वी हा संशोधनाचा संस्कार टप्प्याटप्प्याने होत असे. एम.ए.नंतर एम.फिल., त्यानंतर पीएच.डी. असा जिना होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार एम.फिल. ही पायरी काढून टाकण्यात आली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोरुग्णविषयक समाजकार्य या दोन शाखांतील एम.फिल.ला मात्र अपवाद म्हणून २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेशाची मुभा देण्यात आली. राज्यात २०२३-२४ पासून अमलात आलेल्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी संशोधनपद्धतीला ४ आणि तिसऱ्या व चौथ्या सत्रातील संशोधन प्रकल्पाला मिळून १० श्रेयांक ठेवलेले आहेत.

याचा अर्थ उघड आहे. एम.फिल.च्या दीड-दोन वर्षांत जे शिकावयाचे ते आता एम.ए.च्या प्रबंधिकेतच शिकून घ्यावयाचे. जी प्रबंधिका एकेकाळी निरोपाच्या समारंभासारखी उरकली जाई, तीच आता पीएच.डी.पूर्वीची एकमेव तालीम ठरली आहे. ग्रंथालयातील जुन्या प्रबंधिकेचे मुखपृष्ठ बदलून काम भागवण्याची जी वाईट चाल काही ठिकाणी पडली होती, तिची किंमत आता विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

प्रश्न लहान असावा

प्रबंधिकेची पहिली अडचण विषयाची. विद्यार्थी मार्गदर्शकाकडे जातो तो 'ग्रामीण युवकांचे मानसिक आरोग्य' असा अवाढव्य विषय घेऊन. हा विषय दहा जणांनी दहा वर्षे अभ्यासावा असा आहे. तोच विद्यार्थी 'दहावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षाचिंता आणि त्यांच्या झोपेचे तास यांत सहसंबंध आहे काय,' असे विचारू लागला की काम सुरू झाले असे समजावे. दोन चल, एक गट, एक परिकल्पना. असा प्रश्न दिसावयास साधा असतो, परंतु त्याचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळू शकते, आणि संशोधनात तेच महत्त्वाचे.

यासाठी आधी काय झाले आहे हे पाहावे लागते. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी यासाठी पुण्या-मुंबईची वारी करावी लागे. ही सोय मोठी आहे. तिचा उपयोग उताऱ्यांसाठी न होता वाचनासाठी व्हावा, एवढेच.

'काळजी' या शब्दाची गोष्ट

दुसरी अडचण अधिक खोल आहे, आणि ती मराठी विद्यार्थ्याची खास स्वतःची आहे. बहुतेक मानसशास्त्रीय कसोट्या इंग्रजीत आणि परदेशी समाजासाठी तयार झालेल्या आहेत. २०१० साली हेन्रिक, हाइने आणि नॉरेन्झायन या तिघा अभ्यासकांनी दाखवून दिले, की मानवी मनाविषयीची पुष्कळशी प्रसिद्ध विधाने पाश्चात्त्य, सुशिक्षित व सधन समाजांतील लोकांवरच्या, त्यातही विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांवर उभी आहेत. मग ती कसोटी जशीच्या तशी परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या मुलापुढे ठेवून कसे चालेल?

भाषांतर करावे, तर शब्द दगा देतात. इंग्रजीत मनाला पोखरणाऱ्या विचाराला एक शब्द आणि दुसऱ्याचे संगोपन करण्याला दुसरा. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन्ही ओझी वाहतो. परीक्षेची काळजी वाटते, आणि आई मुलाची काळजी घेते. 'मला पुष्कळ काळजी असते' या विधानापुढे एखाद्या मुलीने खूण केली, तर ती अस्वस्थ आहे की धाकट्या भावंडांना सांभाळणारी जबाबदार मुलगी आहे? कसोटी तिला चिंताग्रस्त ठरवून मोकळी होईल. याउलट पोटात गोळा येणे, जीव घाबरा होणे, हातपाय गळणे अशी देहातून बोलणारी जी मराठी भाषा आहे, तिला मूळ कसोटीत जागाच नसते.

या अडचणीवर एक मान्य उपाय आहे. एका जाणकाराने कसोटीचे मराठी भाषांतर करावे, मूळ कसोटी न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावे. ब्रिस्लिन यांनी १९७० साली या पद्धतीचा पुरस्कार केला. परंतु तेवढ्याने भागत नाही. 'काळजी'चे उलट भाषांतर बिनचूक होऊन येईल आणि घोटाळा तसाच राहील. म्हणून आठ-दहा मुलांना जवळ बसवून 'या वाक्याचा अर्थ तुला काय वाटला?' असे विचारावे लागते. या कामाला दोन दुपारी पुरतात, आणि नेमके हेच काम सर्वांत जास्त टाळले जाते. कसोटी वापरण्यासाठी तिच्या कर्त्याची वा प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागते, हेही अनेकांना प्रबंधिका सादर करण्याच्या सुमारास आठवते.

या वाटेने आधी कोणी गेलेच नाही असे मात्र नाही. बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीची कानडी व मराठी मुलांसाठी पुनर्रचना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केली आणि १९३४ साली त्यासंबंधीचा लेख प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत' या नावाने ती कसोटी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. कामतांनी केवळ शब्द बदलले नाहीत. इथल्या मुलांवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य ते ठरविले. अशी मानके काळाबरोबर जुनी होतात आणि पुन्हा बांधावी लागतात. दुर्दैवाने मराठीत हे पुनर्बांधणीचे काम ज्या वेगाने व्हावयास हवे होते त्या वेगाने झाले नाही.

किती जणांना विचारावे?

'शंभर प्रयुक्त घ्या' असा एक तयार सल्ला विभागांतून फिरत असतो. संख्या अशी ठोकताळ्याने ठरवू नये. मध्यम स्वरूपाचा, म्हणजे ०.३० इतका सहसंबंध खरोखरच अस्तित्वात असेल, आणि तो आढळण्याची शक्यता ८० टक्के असावी अशी अपेक्षा असेल, तर सुमारे ८५ व्यक्ती लागतात. दोन गटांच्या सरासरीतील मध्यम फरक तपासावयाचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६४. संबंध त्याहून क्षीण असेल, तर संख्या कितीतरी वाढते. हे गणित आधी केले म्हणजे एस.टी.च्या किती फेऱ्या कराव्या लागतील याचाही अंदाज येतो. ज्याच्या घरची मिळकत हंगामी आहे त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा हिशेब मुळीच क्षुल्लक नाही.

प्रश्नावलीतील नववा प्रश्न

आता सर्वांत नाजूक भाग. नैराश्य मापनासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ विधानांची छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे नववे विधान मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी आहे. समजा, एका शाळेत विद्यार्थ्याने ही प्रश्नावली वाटली, सायंकाळी खोलीवर येऊन उत्तरे संगणकात भरावयास घेतली, आणि सोळा वर्षांच्या एका मुलाने त्या विधानापुढे 'जवळजवळ दररोज' अशी खूण केलेली त्याला दिसली. प्रश्नावलीवर नाव लिहू नये अशी सूचना त्याने स्वतःच दिली होती. हा मुलगा कोण, हे आता कसे शोधावयाचे?

म्हणून याचा विचार आधी करावयाचा असतो. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची यादी मार्गदर्शकाजवळ कुलपात ठेवावी. असा प्रश्न असलेली उत्तरे शाळा सोडण्यापूर्वीच चाळावीत. आणि गरज पडल्यास कोणत्या समुपदेशकाकडे वा जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावयाचे ते अगोदर बोलून ठेवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागी मुलाच्या हाती छापील चिठ्ठीवर द्यावा. आणि हे सर्व करण्याची विद्यार्थ्याची तयारी नसेल, तर तो प्रश्न विचारूच नये. ज्याचे उत्तर ऐकण्याची सिद्धता नाही तो प्रश्न विचारणे याला संशोधन म्हणता येत नाही.

संमतीविषयीही असाच गैरसमज आढळतो. मुख्याध्यापकांनी होकार दिला म्हणजे काम झाले, असे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची मान्यता, दोन्ही हवीत. 'तुमची माहिती गुप्त राहील' या आश्वासनालाही मर्यादा आहे, आणि ती सुरुवातीलाच सांगितली पाहिजे. मुलाने लैंगिक अत्याचाराची हकीकत सांगितली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे विद्यार्थी-संशोधकाला सूट नाही.

निष्कर्ष न निघण्याची भीती

माहिती गोळा झाल्यावर एक निराळेच भय सुरू होते. सहसंबंध निघालाच नाही तर? मार्गदर्शक नापास करतील काय? या भयापोटी काही आकडे वगळले जातात, काही चल ऐनवेळी बदलले जातात. याहून वाईट म्हणजे उरलेल्या वीस प्रश्नावल्या वसतिगृहाच्या खोलीत बसून भरल्या जातात. असल्या गोष्टी आतापर्यंत कुजबुजीतच राहिल्या आहेत. या शास्त्राला त्याचा फटका जगभर बसला आहे. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष होते. पुनरावृत्तीत ते अवघ्या ३६ टक्क्यांत आढळले.

नीट आखलेल्या अभ्यासातून 'संबंध आढळला नाही' असे उत्तर आले, तर तेही उत्तरच असते. ते नोंदविण्याचे धैर्य विद्यार्थ्याने दाखवावे, हे खरे. पण ते धैर्य प्रथम परीक्षकांनी दाखवावयास हवे. गुण निष्कर्षाला नसून पद्धतीला आहेत, असे तोंडी परीक्षेपूर्वी विभागाने स्पष्ट सांगितले, तर निम्मे गैरप्रकार आपोआप थांबतील. विश्लेषणासाठी महागड्या संगणक-प्रणालीची गरज आता उरलेली नाही. 'आर', 'जामोवी' आणि 'जास्प' या प्रणाली विनामूल्य मिळतात.

पदवीनंतर

एका गोष्टीचा खुलासा येथे केला पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापायी अनेकांची वर्षे वाया जातात. मानसशास्त्रातील एम.ए. ही पदवी, तिची प्रबंधिका कितीही उत्तम असली तरी, कोणाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बनवीत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. प्रवेशापूर्वी याची खातरजमा करावी.

संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांना नेट परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांनी आपापल्या लाभार्थी घटकांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबविल्या आहेत. अर्जाबरोबर जो संशोधन-आराखडा जोडावा लागतो, तो ज्याने एम.ए.ला प्रामाणिक प्रबंधिका लिहिली आहे त्याला नव्याने शिकावा लागत नाही.

तोंडी परीक्षा झाली, प्रबंधिकेची काळी बांधणी ग्रंथालयात गेली, की विद्यार्थी मोकळा होतो. शाळेतील मुले मात्र विसरलेली नसतात. 'सर, त्या कागदाचे काय झाले?' असे ती विचारतात. काही विभागांनी यावर एक चांगली प्रथा पाडली आहे. निष्कर्षांचा दोन पानी सारांश, कोणाचेही नाव न घेता, सोप्या मराठीत लिहून शाळेकडे पाठवावयाचा. झोपेच्या अभ्यासाचा असा सारांश सूचनाफलकावर लागला, की मधल्या सुट्टीत मुले त्याच्याभोवती गोळा होतात आणि आपण त्या ८५ जणांपैकी होतो, हे एकमेकांना सांगू लागतात.