रक्कम शेवटी पाहायची

चि. मुग्धा हिस,


बिलाचा फोटो मिळाला. ‘आत्या, आम्ही तिघी एवढी वीज जाळतच नाही’ हे तुझं वाक्य वाचून तुझ्या आतोबांची आठवण झाली. तेही आधी रक्कम पाहतात आणि मग घरभर पंखे बंद करत फिरतात. रक्कम शेवटी पाहायची गं. आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांची वजाबाकी.

तुझ्या आधीच्या दोन बिलांवर रीडिंगच नाही, सरासरी लावली आहे. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला कुलूप, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन गावी, असंच काहीतरी झालं असणार. साठ-साठ युनिटांची बिलं आली आणि तुम्ही खूश! आता रीडिंग झालं आणि तीन महिन्यांचे 540 युनिट एकदम पुढ्यात आले.

खरी मेख इथे आहे. आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 बरेच महाग, 500 पर्यंत आणखी, आणि त्यापुढचं विचारूच नकोस. (शंभरावर एक युनिट गेला की मागचे शंभरही महाग होतात, असं तुझ्या मैत्रिणीला वाटतं. तसं नसतं, जादा दर फक्त वरच्या युनिटांना.) 540 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर 200 तिसऱ्या टप्प्यात जातात आणि 40 चौथ्यात. तीन महिन्यांत वाटले, तर महिन्याला 180 पडतात, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा प्रश्नच येत नाही. आकारणी अशी वाटूनच व्हायला हवी आणि आधी भरलेले पैसे वजा व्हायला हवेत. तसं दिसत नसेल तर फोनवर भांडत बसू नकोस. लेखी अर्ज दे, मीटरचा फोटो जोड, पोच घे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. मात्र रागाच्या भरात बिल थकवू नकोस. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 56 सांगतं की पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, आणि वाद असेल तर निषेध नोंदवून पैसे भरता येतात.

बाकीच्या ओळींना घाबरू नकोस. स्थिर आकार तुम्ही दिवाळीला महिनाभर गावी असलात तरी लागणारच. वहन आकार म्हणजे तारांमधून वीज घरापर्यंत आणल्याचं भाडं. इंधन समायोजन वरखाली होत राहतं. वीज शुल्क सरकारचं, घरगुती ग्राहकाला 16 टक्के.

आता थोडं तुमच्याकडेही बोट दाखवते. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपला. तिघी एकामागून एक आंघोळी करता आणि बटण मात्र शेवटची जाईल तिने बंद करायचं, म्हणजे कुणीच करत नाही! मीटरचीही परीक्षा घे. घरातला मेन स्विच बंद कर आणि खाली जाऊन मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर वायरमनला बोलाव. कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं घर चाललं आहे.

गॅसचं त्यामानाने सोपं. भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस हवा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात हे मिळव आणि आणणाऱ्यासमोर वजन करून घे. संकोच करू नकोस, तो तुझा हक्क आहे. सिलिंडर लावल्याची तारीख कालनिर्णयवर लिही, दुधाचे खाडे लिहितो तशी. शेजारीच एक तारखेचं मीटरचं रीडिंगही लिहीत जा. पुढच्या वेळी कुणी सरासरी लावली तर दाखवायला तुझ्याकडे आकडा असेल.

शनिवारी वॉचमनकडून चावी घे. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात, तारीख, वेळ वगैरे. केडब्ल्यूएच अशी अक्षरं आली की फोटो काढ आणि मला पाठव. बिलाची मुदत 24 तारखेपर्यंत आहे. अर्जाचा मसुदा मी रविवारी लिहून देते.

तुझी,
आत्या