भिंतीपलीकडचा आवाज

प्रश्न : आमच्या चाळीत शेजारच्या वहिनींच्या खोलीत रात्री टीव्हीचा आवाज एकदम वाढतो. सकाळी भर उन्हाळ्यातही त्या पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून नळावर येतात. पगार नवरा काढून घेतो, माहेरी फोन करू देत नाही. मी मध्ये पडू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. फक्त मारहाणच नव्हे, पैसे काढून घेणं, माणसांपासून तोडणं हाही २००५च्या कायद्यानुसार कौटुंबिक हिंसाचारच. नवऱ्याला जाब विचारू नका. राग वहिनींवरच निघेल. त्या एकट्या भेटल्या की म्हणा, ‘कधीही माझं दार वाजवा.’ ‘सहन का करता?’ हे मात्र विचारू नका. कागदपत्रं जपून ठेवायची तयारी दाखवा, निर्णय त्यांचाच. खोली नवऱ्याच्या नावावर असली तरी तिथे राहण्याचा हक्क त्यांना आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. तिथे समाजकार्यकर्त्या ऐकून घेतात. महिला हेल्पलाइन १८१. जिवावर बेतलं तर ११२. सद्हेतूने या २००५च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवणाऱ्या शेजाऱ्याला कायदा अडचणीत आणत नाही.