पाटण आणि मेडता : १७९०

पानिपतचे साल आमच्या वसतिगृहातील लहान मुलेही सांगतात. पाटण व मेडता ही नावे मात्र वरच्या वर्गांनाही अपरिचित असतात. म्हणून स्मरणिकेसाठी हा पाठ निवडला. हे पाटण साताऱ्याकडील नव्हे, जयपूरच्या उत्तरेकडील.

दोन्ही लढायांचे मूळ १७८७ मधील लालसोटच्या मोहिमेत आहे. जयपूर व जोधपूरच्या फौजांसमोर महादजी शिंदे यांना तेथे माघार घ्यावी लागली. पगार थकल्यामुळे त्यांच्याकडील हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या होत्या. शौर्याची उणीव नव्हती, उणीव वेतनाची होती. महादजींनी नेमके हेच ओळखले. सॅव्हॉयमधील डी बॉईन या सेनानीकडून त्यांनी कवायती पायदळ उभारले आणि त्याच्या वेतनाची नियमित तरतूद केली.

या फौजेत जिवबादादा बक्षी हे एक प्रमुख सरदार होते. ते पेडणे महालातील केरीचे. आपले देवबाग कर्ली नदीच्या मुखाशी, तर केरी तेरेखोलच्या मुखाशी. खाडी आणि समुद्र यांमधला असाच मुलूख. तेथील माणूस राजपुतान्याच्या वाळूत फौज चालवीत होता, हे मुलांना सांगताना आम्हांला विशेष आनंद होतो.

२० जून १७९० रोजी पाटण येथे राठोड, कछवाह व इस्माईल बेग यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव झाला. शंभरांवर तोफा शिंद्यांच्या हाती आल्या. राठोडांनी मेडत्याला पुन्हा सैन्य जमविले. इस्माईल बेग येऊन मिळण्यापूर्वीच, १० सप्टेंबरच्या पहाटे, डी बॉईनने छावणीवर हल्ला चढविला. त्याचा एक अधिकारी आज्ञेवाचून पुढे धावला आणि राठोड घोडेस्वारांनी त्याच्या तुकड्या कापून काढल्या. क्षणभर पारडे फिरले. पण डी बॉईनने उरलेल्या पलटणींचा चौकोन रचला. केशरी वस्त्रे ल्यालेले स्वार त्या चौकोनावर पुनःपुन्हा आदळले आणि तोफांच्या माऱ्यात पडत गेले. त्यांच्या शौर्याची दखल न घेता ही लढाई शिकविणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

पुढच्या वर्षी जोधपूरच्या विजयसिंहाने अजमेर दिले व साठ लक्षांची खंडणी कबूल केली. आमच्या मते, खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. युद्ध जिंकले, पण राजपूत राज्यांचे मन जिंकण्याचा प्रयत्न झाला नाही. खंडणीचा तगादा मात्र चालू राहिला. महादजी १७९४ मध्ये वारले, डी बॉईन पुढच्या वर्षी सेवा सोडून गेला. १८०३ च्या युद्धात अनेक युरोपीय अधिकारी शिंद्यांना सोडून गेले. तरीही लासवारीला त्या पलटणी अखेरपर्यंत झुंजल्या व तेथेच संपल्या. आणि १८१८ मध्ये जोधपूर व जयपूर यांनी इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण पत्करले.