एकाच चिन्हात न्, म् आणि ङ्

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समधल्या नायमेखनला राहतो. मुलगी हौसेने जपानी शिकते आहे. काना लिपीत प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला असतो, पण तक्त्याच्या अगदी शेवटी एकच चिन्ह बिनस्वराचे, नुसते ‘न्’. तेच कधी ‘म्’ तर कधी ‘ङ्’ असे ऐकू येते. टोकियोतल्या एका स्थानकाच्या पाटीवर रोमन लिपीत ‘शिम्बाशी’ लिहितात आणि त्याच पाटीवर काना लिपीत ‘शिन्बाशी’. शिवाय शिक्षिका सांगतात, शब्द टाळ्यांवर म्हणताना या चिन्हाला वेगळी टाळी द्या. एका चिन्हाचे इतके उच्चार का? आणि अर्ध्या अक्षराला पूर्ण टाळी कशासाठी?
– एक वाचक, नायमेखन

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर मराठीतच आहे. गंगा, पंच, घंटा, अंत, अंबा हे पाच शब्द सावकाश मोठ्याने म्हणा आणि जीभ कुठे टेकते ते पाहा. ‘गंगा’त ती मागे उचलली जाते, ‘अंत’मध्ये दातांपाशी येते, ‘अंबा’त तर जिभेचे काम नाही, ओठच मिटतात. लिहिताना मात्र आपण पाचही ठिकाणी एक टिंब देऊन मोकळे होतो. पूर्वी गङ्गा, पञ्च, घण्टा, अन्त, अम्बा असे लिहीत. पुढच्या व्यंजनाप्रमाणे अनुनासिक बदलते, हाच तो शाळेत शिकलेला परसवर्ण.

जपानी चिन्हाचे असेच आहे. पुढे प, ब, म आले की त्याचा म् होतो, त किंवा द आले की न्, क किंवा ग आले की ङ्. म्हणून फिरायला जाणे ‘साम्पो’, वर्तमानपत्र ‘शिम्बुन’. ओसाकातल्या ‘नाम्बा’ स्थानकाच्या रोमन पाटीवरचा म् त्यातूनच आला. शब्दाच्या शेवटी मात्र आवाज आणखी मागून, थेट पडजिभेपासून येतो. ‘होन’ म्हणजे पुस्तक, यातला शेवटचा न् आपल्या ‘कान’मधल्या न् सारखा जिभेचे टोक टेकवून म्हणायचा नसतो. मराठी माणसाची जीभ इथे हटकून चुकते, आणि मुलीने लक्ष द्यायला हवे ते इथेच.

जपानी माणसाच्या कानाला हे वेगवेगळे आवाज वेगळे भासतात का, याचा शोध ज्यांनी घेतला त्यांत तुमच्या गावचे नाव आहे. तिथल्या राडबाउड विद्यापीठाच्या परिसरात मानसभाषाशास्त्राची माक्स प्लांक संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली. ॲन कटलर या मूळच्या मेलबर्नच्या संशोधिका १९९३ ते २०१३ अशी वीस वर्षे तिच्या एक संचालक होत्या. तकाशी ओताके आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९६ मध्ये नेमक्या या आवाजावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. श्रोत्यांना शब्द ऐकवायचे आणि अनुनासिक ऐकू येताच कळ दाबायला सांगायचे, अशी रीत. जपानी श्रोत्यांचा वेग आणि अचूकता आवाज न् असो, म् असो की ङ्, सारखीच राहिली. जपानी न येणाऱ्या श्रोत्यांना हीच सूचना दिली, तर ओठांनी म्हटलेल्या आवाजाला त्यांनी प्रतिसादच दिला नाही. त्यांच्या लेखी तो न् नव्हताच.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची. संशोधकांनी ध्वनिफितीत कापाकापी करून अनुनासिक एका शब्दातले आणि पुढचे व्यंजन दुसऱ्यातले असे जोडले आणि पुढचे व्यंजन ओळखायला सांगितले. आता जपानी श्रोते अडखळले. म्हणजे आवाजातला फरक त्यांना कळतो, आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधायला ते तो वापरतातही. तरीही मनात नोंद एकाच गोष्टीची होते. काना लिपी इथे अपुरी पडते असे म्हणणाऱ्यांचे मला म्हणूनच पटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात जे एक आहे, त्याला तिने एक चिन्ह दिले आहे.

आता टाळी. कटलर, ओताके, गियू हातानो आणि पॅरिसचे जाक मेलेर यांचा १९९३ चा निबंध यासाठी उपयोगी आहे. त्यात ‘तनिशि’ (तळ्यातली गोगलगाय) आणि ‘तन्शि’ अशा जोड्या होत्या. ‘त’ शोधा म्हटले तर जपानी श्रोत्यांना तो दोन्ही शब्दांत सारखाच सहज सापडे. ‘तन्’ शोधा म्हटले की ‘तनिशि’त तो बहुतेकांच्या हातून निसटे, कारण त्यांच्या कानाला तिथे त-नि-शि असे तीनच तुकडे असतात. ‘तन्शि’तही तीनच : त, न्, शि. हेच शब्द ऐकणाऱ्या फ्रेंच आणि इंग्रजी भाषकांचे निकाल वेगळे आले.

या तुकड्याला भाषाशास्त्रात ‘मोरा’ म्हणतात. आपल्याकडे त्याला मात्रा हा शब्द आहे. अभंगाची अक्षरे मोजताना ‘गंगा’ दोन अक्षरी. मात्रावृत्तात मात्र अनुस्वारामुळे ‘गं’ गुरू होतो, ‘गा’ दीर्घ आहेच, एकूण चार मात्रा. हाच शब्द काना लिपीत लिहून पाहा : ग, मग आपले हे चिन्ह, पुन्हा ग, शेवटी स्वर लांबवणारी आडवी रेघ. चिन्हे चार, टाळ्याही चार. मराठी कवीकडे मोजणीच्या दोन्ही रीती आहेत. जपानी कविता मात्रेचीच रीत धरते. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूबद्दल बोलताना पाच-सात-पाच ‘अक्षरे’ असे सर्रास सांगितले जाते. मूळ हिशेब मात्रांचा आहे.

हे चिन्ह तक्त्याच्या शेवटी एकटे का, हेही सांगतो. अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या आणि सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आला. त्या चौकटीत बिनस्वराच्या आवाजाला घर नव्हते. प्रत्येक काना एकदाच वापरणाऱ्या ‘इरोहा’ या जुन्या कवितेतही ४७ चिन्हे आहेत, पण त्यांत हे चिन्ह नाही. जुन्या लिखाणात हा आवाज लिहीतच नसत किंवा ‘मु’ने भागवत. १९०० च्या शालेय नियमांनी प्रत्येक कानाचे एकच रूप ठरवले. हिरागाना या काना लिपीच्या वळणदार प्रकारातले आजचे रूप एका रेषेत लिहितात : तिरकी रेघ खाली उतरवायची, तिथूनच वर येऊन छोटी कमान काढायची आणि शेपूट उजवीकडे वर न्यायचे.

मुलीला सरावासाठी एक जोडी द्या. ‘किनेन’ म्हणजे स्मरण, कि-ने-न्, तीन टाळ्या. ‘किन्-एन्’ म्हणजे धूम्रपानास मनाई, कि-न्-ए-न्, चार टाळ्या. न् पुढच्या ए मध्ये मिसळला की अर्थच बदलतो. संगणकावर रोमन अक्षरांतून जपानी टंकतानाही हे सांभाळावे लागते : या चिन्हासाठी ‘एन’ची कळ दोनदा दाबायची, एकदाच दाबून पुढे ‘ई’ची कळ दाबली तर पडद्यावर ‘ने’ उमटतो.