विनोद आणि वाणी : भक्ति बर्वे

विनोद म्हणजे दुसऱ्याची थट्टा, अशी पुष्कळांची समजूत असते. नव्या मुलाच्या तोंडून 'पाणी'ऐवजीं 'पानी' निघालें, कीं वर्गांत हंशा पिकतो. कारखान्यांमुळें विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील कुटुंबें आपल्या कुरुळी-चाकण भागांत राहावयास आलीं आहेत. त्यांचीं मुलें आपल्याच बाकावर बसतात. म्हणून भक्ति बर्वे ह्या थोर अभिनेत्रीचें चरित्र आपण अवश्य जाणून घेतलें पाहिजे.

भक्तिबाईंचा जन्म १९४८ सालीं सांगली येथें झाला. सुधा करमरकर ह्यांच्या बालनाट्यांतून त्या रंगभूमीवर आल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें. त्याच्या आरंभींच्या काळांत निवेदिका व वृत्तनिवेदिका म्हणून त्या घरोघर परिचित झाल्या. स्वच्छ, शुद्ध उच्चार ही त्यांची ओळख होती.

पुढें १९७५ सालीं पु. ल. देशपांडे ह्यांचें 'ती फुलराणी' हें नाटक रंगभूमीवर आलें. बर्नार्ड शॉ ह्यांच्या 'पिग्मॅलियन' ह्या नाटकावर तें आधारलेलें आहे. त्यांत फुलें विकणारी मंजुळा भक्तिबाईंनीं उभी केली. बातम्यांची शुद्ध भाषा बोलणारी ती जिव्हा येथें रांगडी, ठसकेबाज बोली बोलूं लागली. मंजुळेच्या बोलण्यावर प्रेक्षक प्रथम पोट धरून हंसत. परंतु तिला शिकविणारा प्राध्यापक तिचा पदोपदीं अपमान करतो, तेव्हां ती एकटीच आपला संताप बोलून दाखविते. त्या स्वगतानें सभागृह भारून जाई. कारण जिला आपण हंसलों, तिलाही मन आहे, हें तेथें उमगतें. शुद्ध भाषा शिकल्यानें तिला मोठेपणा येत नाहीं. तो तिच्या ठायीं आधींच होता.

दूरदर्शनच्या 'बहिणाबाई' ह्या चित्रपटांत त्यांनीं खानदेशच्या निरक्षर कवयित्रीची भूमिका केली. १९८३ च्या 'जाने भी दो यारों' ह्या हिंदी विनोदी चित्रपटांत त्या धूर्त संपादिका झाल्या. १९९० सालीं त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजीं वाईहून मुंबईस परततांना द्रुतगती मार्गावरील अपघातांत त्यांचें निधन झालें.

ह्या चरित्रापासून काय घ्यावें? प्रमाण भाषा परिश्रमानें शिकावी, हें खरेंच. परीक्षेंत, कचेरींत ती उपयोगी पडते. पण घरची बोली म्हणजे दोष नव्हे. दोन्ही भाषांचा सारखा अभ्यास केल्यावांचून भक्तिबाईंना मंजुळा साधली नसती. पालकांनींही मुलांस आपल्या बोलीची लाज वाटूं देऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, हंसावें अवश्य. परंतु ज्याच्या बोलण्यावर आपण हंसतों, त्यालाही आपल्यासवें हंसतां येईल, असेंच हंसावें.